डाव्या मूत्रपिंडातला समुद्र

मित्रांनो, जीव समुद्र सोडून जमिनीवर आले, तेव्हा त्यांनी समुद्राचा एक लहानसा तुकडा अंगात भरून आणला. त्या समुद्राची राखण माझ्याकडे आहे. भरती माझ्या हातात, ओहोटी माझ्या हातात.

मी एक जुना, डोळ्यांना न दिसणारा कारकून आहे. मुक्काम: सूर्यकांतरावांचं डावं मूत्रपिंड, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली. क्वार्टर त्यांच्या मुलीला, नीरजाला मिळालंय. मूत्रपिंड मात्र त्यांचं स्वतःचं.

माझं नाव मिनरॅलोकॉर्टिकॉइड ग्राही, म्हणजे निरोप झेलणारं एक प्रथिन. ते पूर्ण उच्चारून मला अजून कोणी हाक मारलेली नाही. जुना म्हणालो, पण आमच्यातला एकेक फार दिवस टिकत नाही. एक झिजला की पेशी दुसरा घडवते. सरकारी कचेरीत साहेब बदलतो. टेबल आणि तक्रारी त्याच राहतात. आमचंही तसंच.

काम सोपं आहे. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचा निरोप्या येतो आणि माझ्या कुशीत शिरतो. मी तरंगत पेशीच्या गाभ्यात जातो, हुकूम वाचून दाखवतो. मग बारीक दारं उघडतात, वाहून चाललेलं मीठ मागे फिरतं, त्याच्यामागून पाणी येतं. त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. कोमट अंधारात हे सारं इतकं संथ चालतं की वाटतं, आपण किनाऱ्यावर पडलोय आणि पायांना लाट लागतेय. मला पाय नाहीत. तरी वाटतं.

अडचण एकच. कॉर्टिसॉल नावाचा दुसरा निरोप्या हुबेहूब अल्डोस्टेरॉनसारखा दिसतो. तो रक्तात कितीतरी पटींनी जास्त असतो, आणि खरं सांगतो, मला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून दारात एक रखवालदार नेमलेला आहे, एक एन्झाइम. कॉर्टिसॉल दिसला की तो त्याची टोपी काढून घेतो. बिनटोपीच्या माणसाला मी ओळख देत नाही.

अशी वर्षं गेली. कोणी कौतुक केलं नाही. मूत्रपिंडाचं कौतुक करायची पद्धतच नाही.

सूर्यकांतराव दर संक्रांतीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, तिथल्या काला अंब या स्मारकापाशी पोवाडा म्हणतात. बावीस वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. पण यंदा दिवाळीनंतर दिल्लीची हवा घशात उतरली आणि आवाज गेला.

"अहो, शेजारीण विचारत होती, भाभीजी, मिक्सर खराब हो गया क्या?" त्यांच्या पत्नी, चंद्रप्रभाबाई, म्हणाल्या.

"पोवाडा होता तो!"

"मी मिक्सरच सांगितलं. तुमची अब्रू राखली."

मग त्यांनी एका डबीत ज्येष्ठमधाच्या काड्या भरून दिल्या. सूर्यकांतराव उठता-बसता काडी चघळू लागले. सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा निराळा.

ज्येष्ठमधातल्या गोड द्रव्यानं आमचा रखवालदार पेंगू लागला. इतकी गोड झोप मी कधी पाहिली नव्हती. कॉर्टिसॉल टोप्या घालून, रांगेनं आत. मीही स्वप्नात असल्यासारखा हुकूम वाचत राहिलो. भरती, पुन्हा भरती. ओहोटी आलीच नाही.

बाहेर सूर्यकांतरावांचे पाय सुजले. रक्तदाब एकशे नव्वद. पोटॅशियम निघून गेल्यानं मांड्यांतला जोर गेला. दुसऱ्या मजल्यावर चढताना ते जिन्यातच बसले. हृदयातही माझे नातलग आहेत. त्यांच्यावर असा ताण बरीच वर्षं राहिला, तर ते हृदयाच्या भिंतींत चिवट धागे विणत बसतात. पानिपतच्या हातमागावर विणलेलं शोभतं. हृदयात नाही.

"अंकल, कोई दवाई लेते हैं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"बिल्कुल नहीं," ते छाती काढून म्हणाले. "काठी भी नहीं लेता."

गोळ्या सुरू झाल्या. घरात मीठ बंद झालं. "हे वरण आहे की शिक्षा?" त्यांनी विचारलं. डिसेंबरच्या मध्यावर रक्तदाब तिथेच होता.

"पानिपत कैंसल," मॅडम म्हणाल्या. "इतने प्रेशर में ज़ोर से गाएँगे तो दिमाग़ की नस फट सकती है."

सूर्यकांतराव म्हणाले, "बाईस साल हो गए, मॅडम."

मॅडम काही बोलणार, तोच त्यांना खोकला आला. दिल्लीची हवा डॉक्टरांनाही सोडत नाही. सूर्यकांतरावांनी तत्परतेनं खिशातून ज्येष्ठमधाची डबी काढून पुढे केली. "लीजिए. घर की मुलेठी है."

मॅडमचा खोकलाच थांबला. "दिन में कितनी खाते हैं?"

"गिनता कौन है?"

"और आपने कहा, कोई दवाई नहीं!"

"ये दवाई थोड़ी है? ये तो मसाले के डिब्बे के पास रहती है."

"बाबा!" शेजारी बसलेल्या नीरजानं कपाळ धरलं.

डबी जप्त झाली, काढाही बंद झाला. पोटॅशियम भरून काढलं. शिवाय एक नवी गोळी आली. ती निरोप्याच्या आधी येऊन माझ्या कुशीत बसते आणि काहीच बोलत नाही. जन्मात पहिल्यांदा मला रजा मिळाली. दोन-तीन आठवड्यांत रखवालदार डोळे चोळत उठला, सूज उतरली, रक्तदाब एकशे चौतीसवर आला.

"गाइए," मॅडम म्हणाल्या, "लेकिन बैठकर."

"पोवाडा आणि बसून?" घरी येईपर्यंत ते धुसफुसत होते. पण कबूल झाले.

मित्रांनो, मी वाईट नाही. हुकूम आला की राबतो, एवढाच माझा दोष. तेव्हा मीठ बेतानं खा. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर जे औषध वाटत नाही तेही सांगा.

आज संक्रांत आहे. धुक्यातून आमची गाडी पानिपतकडे चालली आहे. मागच्या सीटवर सूर्यकांतराव पोवाडा पुटपुटताहेत. आवाज खरखरीत आहे, पण आहे. फक्त एक छोटं काम करा. त्या नव्या गोळीनं मीठ आणि पाणी जरा घाईनं बाहेर पडतं. ते केव्हाचे मांड्या आवळून बसलेत आणि सांगायला लाजताहेत. कोणीतरी नीरजाला म्हणा, पुढच्या ढाब्यावर गाडी थांबव.