उभ्या ज्वारीतली लढाई

वामनरावांनी घसा साफ केला, कागद डोळ्यांसमोर धरला आणि "मित्रहो" म्हणून मान वर केली, तर समोर एकटा बैल रवंथ करत उभा होता.

अकोल्याहून आलेले बावीस जण मागच्या भाजीच्या वावरातच अडकले होते. दोनशे वर्षांपूर्वी अडगावच्या लढाईत फौजा जिथून पुढे सरकल्या, त्या वाटेने चालायचं आणि या वळणावर वामनरावांनी लढाई सांगायची, असं ठरलं होतं. चौतीस वर्षं वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात घालवलेल्या या माणसाने अकरा वर्षं टिपणं काढली होती. चार माणसांसमोर बोलायचा प्रसंग मात्र त्यांनी जन्मभर शिताफीने टाळला होता. आज बोललो नाही तर पुन्हा बोलणं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सर, दोन मिनिटं!" सहलीचा पुढारी श्याम तिकडून ओरडला. "मेथी लय ताजी हाये!"

"हो, हो, सावकाश," वामनराव म्हणाले. ते फार तर बैलाला ऐकू गेलं असेल.

शेजारच्या ज्वारीतून एक बाई बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला, हातात विळा. तिने वामनरावांची टोपी पाहिली, चष्मा पाहिला, हातातले कागद पाहिले.

"आले काय आता? बारा दिवस झाले अर्ज देऊन."

"जरा उशीरच झाला," वामनराव म्हणाले. कुणी रागावलं की आधी चूक कबूल करायची, ही त्यांची जुनी सवय.

"नुकसान पाहाले आले ना?"

"हो. म्हणजे, जुनं नुकसान."

"जुनंच हाये. दिवाळीपासून चालू हाये. या इकडून. लिहा, पार्बताबाई नाव माह्यं."

वावराच्या मधोमध ज्वारी आडवी झाली होती. ताटं मुळापाशी मोडलेली, कणसं मातीत रुतलेली. वामनराव थबकले. फौज उभं पीक तुडवत गेली, हे वाक्य त्यांनी कितीदा तरी वाचलं होतं. त्या वाक्याला असा ओला, आंबूस वास असेल हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"हजारो असतील," ते पुटपुटले.

"हजारो कुठचे? पंधरा-वीस. पिल्लं धरून."

"पिल्लं?"

"डुकराले पिल्लं होत नाही काय? तुमी जंगल खात्याचेच ना?"

वामनरावांचे कान तापले. नाही म्हटल्यावर मग आलो कशाला, हे सांगणं भागच होतं. कागद बघायचा राहून गेला. तोफा इथे, घोडदळ तिथे, इंग्रजांपुढे भोसल्यांची फळी कशी फुटली, हे ते धसकटाने मातीत रेघा ओढत सांगत गेले. पार्बताबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजे हरलो."

"हो."

"अन् ज्वारी कोणाची होती?"

वामनरावांनी पानं उलटली. सेनापतींची नावं होती, तोफांचे आकडे होते.

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"काहून? पंचनामा नाही झाला?"

"नाही झाला, बाई."

"तवाबी नाही म्हना," ती म्हणाली.

"आलो, सर!" श्यामचा आवाज आला. जवळची वाट म्हणून बावीस जण, काखेत मेथीच्या जुड्या धरून, उभ्या ज्वारीतूनच आडवी फळी करून येत होते. ताटं कडाकड मोडत होती. पार्बताबाईने तोंड उघडलं, पण त्याआधीच कुणीतरी गरजलं.

"थांबा!"

हा आवाज वाचनालयात कधी कुणी ऐकला नव्हता. खुद्द वामनरावांनीही नाही.

"एक पाऊल पुढे टाकू नका! मागं फिरा! धुऱ्यावरून या!"

फळी थिजली. मग एकेक जण मुकाट्याने मागे वळला, श्याम सगळ्यांच्या आधी. दोन वावरांमधल्या धुऱ्यावर ते ओळीने येऊन उभे राहिले आणि वामनरावांच्या तोंडाकडे पाहू लागले. कुणी हलेना.

"बोला आता," पार्बताबाई म्हणाली. "उभे हायेत."

वामनरावांनी कागदांची घडी केली. खिसा सापडेना, तशी ती पार्बताबाईच्याच हातात दिली.

"इथं ज्वारी उभी होती," ते म्हणाले. "कोणाची होती, ते मला माहीत नाही."