पॉवर काढलेले स्टिअरिंग

मित्रांनो, मी एक जुने स्टिअरिंग आहे. काळे, गोल, आणि वरच्या कडेला हात लागून लागून गुळगुळीत झालेले. गाडीतल्या माणसाचा चेहरा मला नीट दिसत नाही, पण त्याचे हात मला त्याच्या घरच्यांपेक्षा जास्त कळतात. घाबरलेले हात घामट होतात. रागावलेले हात आवळतात. आणि एक हात असा असतो, जो काहीतरी लपवताना अगदी सैल, आरामात पडलेला असतो. त्या हाताबद्दलच मला सांगायचे आहे.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पॉवर स्टिअरिंगचे लोकांना फार कौतुक होते. त्यात जादू काही नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेलावर दाब देतो आणि मला कुणी जरासे वळवले, की ते तेल पुढची चाके ढकलते. माणसाने दिशा दाखवायची, कष्ट तेलाने उपसायचे.

मी ज्या घरात आलो तिथे नवरा-बायको दोघेच होते. बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकदा तिथल्या जिन्यावरून पडल्यामुळे तिचा उजवा खांदा कायमचा अधू झाला होता. भरलेली बादली ती डाव्या हाताने उचलायची. पण माझ्यापाशी बसली की तिला खांद्याची आठवणसुद्धा होत नसे. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई एकटी राहत होती. आईला दिसायचे कमी झाले होते. दर सुटीला ती आईला घेऊन निघायची. कधी डॉक्टरकडे, कधी दुकानात, तर कधी नुसतीच चक्कर मारायला.

अशाच एका सुटीला नवराही शेजारी बसला होता. त्याचे सारखे चालले होते, "हळू! अगं, हळू! वळण आहे पुढे."

मागून आई म्हणाली, "जावईबापू, तुम्ही आपले खिडकीबाहेर बघा. एका बोटावर चालवते माझी लेक. तुम्हाला गाडीत ब्रेक लावायचं तेवढंच काम, आणि तेही तोंडाने!"

सगळे हसले. तोही हसला. पण घरी उतरल्यावर त्याने दार असे आपटले, की मी मुळापासून हादरलो.

पुढे पंप म्हातारा झाला. वळताना कण्हू लागला, तेल गाळू लागला. नवरा मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. मिस्त्रीने वाकून पाहिले आणि हात पुसत सांगितले, "पंप गेलाय साहेब. शोधला तर दुसरा मिळेल."

"शोधू नका. पॉवर काढूनच टाका. साधं करा स्टिअरिंग."

"होईल की. पण मग रॅकसुद्धा साधा बसवू." रॅक म्हणजे पुढची चाके डावी-उजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी. "साध्या रॅकला वेढे जास्त मारावे लागतात, पण हाताला हलकं पडतं."

"रॅक आहे तोच राहू दे. पंप तेवढा काढा."

"फार जड होईल हो. वहिनी चालवतात ना?"

"घरात पॉवर एकाकडे असली की पुरे," नवरा म्हणाला.

मिस्त्रीला हसू आले नाही. त्याने पंप, पट्टा, नळ्या काढल्या, रॅकची तोंडे बंद केली. किल्ली देताना तो म्हणाला, "वहिनींना एवढं सांगाच. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं नाही. उभ्या चाकाचं रबर जमिनीवर रगडतं आणि तो सगळा भार हातावर येतो. ब्रेक सोडून गाडी जराशी सरकू द्यायची, मग फिरवायचं. जोर खूप कमी लागतो. विसरू नका हां."

"सांगतो की," नवरा म्हणाला. त्याचा हात माझ्यावर सैल पडला होता.

घरी आल्यावर त्याने तिला हाक मारली. "घ्या बाईसाहेब, ठणठणीत करून आणली तुमची गाडी."

ती आनंदाने येऊन बसली. गाडीच्या एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची स्कूटर. ती सावध बाई. तिची पद्धत ठरलेली होती: ब्रेकवर पाय घट्ट ठेवायचा, मला पूर्ण वळवून घ्यायचे, आणि मगच ब्रेक सोडायचा. भिंतीला गाडी घासू नये म्हणून ती नेमके तेच करत होती, जे करू नका असे मिस्त्रीने बजावले होते.

मी जागचा हलेना. तिने दोन्ही हातांनी ओढले. खांद्यातून कळ आली तशी तिच्या तळहाताची पकड सुटली, हात मधल्या हॉर्नवर आदळला आणि मी गल्लीभर बोंबललो.

नवरा हाताची घडी घालून उभा होता. "काय झालं? एका बोटावर चालते ना?"

"अहो, बिघडलंय काहीतरी."

"काही बिघडलेलं नाही. सरक, दाखवतो." तो बसला. ब्रेक सोडला, गाडी हातभर सरकू दिली आणि मला वळवले. तिचे डोळे त्याच्या दंडांवर होते. पायांकडे पाहायचे तिच्या मनात आले नाही.

"मिस्त्री काही म्हणाले का?" तिने विचारले.

"काय म्हणणार? सवय लागते म्हणाले."

"मी एकदा जाऊन विचारून येते त्यांना."

"जा की! चालवतच जा."

ती गेली नाही. रोज सकाळी थोडे थोडे ओढून पाहायची. खांदा सुजला. शेकून झाला, मलम चोळून झाले. सगळा दोष तिने खांद्यालाच दिला आणि एके दिवशी माझ्यापाशी बसणे सोडून दिले.

नवरा म्हणाला, "आईंना मी नेईन की. मी आहे ना." एक-दोनदा त्याने नेले. मग त्याला काम निघू लागले. फोनवर आईचा आवाज यायचा, "मी चपला घालून बसलेय गं. निघालात का?" मागच्या सीटवर बसून लेक उत्तर द्यायची, "निघतोच आहोत, आई." गाडी उभीच असायची. शेवटी तिचा भाऊ आला आणि आईला आपल्या दूरच्या गावी घेऊन गेला. तिथे आईला ओळखीचा रस्ता नव्हता आणि घडीभर जाऊन बसावे अशी कुणाची पायरीसुद्धा नव्हती.

मग गाडी विकायची ठरली. घ्यायला एक निवृत्त परिचारिका आल्या. काडीसारखी मनगटे. मला हात लावताच म्हणाल्या, "बाई गं! हे तर दगडासारखं आहे."

नवरा लगबगीने खिडकीशी वाकला. "नाही हो मावशी! उभ्या गाडीत फिरवायचं नाही. रबर रगडतं ना खाली, म्हणून जड लागतं. ब्रेक सोडा. जरा सरकू द्या. हां, आता फिरवा!"

मी वळलो.

"अय्या, सोपं आहे की!" त्या म्हणाल्या. त्याची बायको कागदपत्रे घेऊन दाराशी उभी होती. तिला पाहून त्यांनी विचारले, "तुम्हीही चालवत असाल ना?"

"छे, तिला जमत नाही," नवरा म्हणाला.

ती पुढे आली. "मी एकदा बसून बघू?"

परिचारिका उतरल्या. ती बसली. तिचे हात गार होते. तिने ब्रेक सोडला, गाडी सरकू दिली, आणि मी तिच्या अधू खांद्याला न दुखवता पूर्ण वळलो. फाटकापर्यंत गेलो, परत आलो. तिने इंजिन बंद केले, तरी हात बराच वेळ माझ्यावरच होते.

"कधी कळलं होतं तुम्हाला हे?" तिने नवऱ्याला विचारले.

"हे होय? मिस्त्री बोलला होता तेव्हाच. एवढंसं तर आहे."

"हो. एवढंसंच," ती म्हणाली आणि किल्ली परिचारिकेच्या हातात देऊन आत गेली.

आता मी त्या परिचारिकेकडे असतो. त्यांची भाची, शेजारीण, जो कुणी चालवायला बसेल त्याला त्या आधी सांगतात, "उभ्या गाडीत नको हं, जरा सरकू दे." मग गप्पा मारू लागतात.

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा, उन्हात तापवू नका, असे काही मी मागत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. ते वाक्य बोलायला एक श्वास पुरतो. ते न बोलण्यासाठी मात्र त्या माणसाला रोज सकाळी उठून ते गुपित सांभाळावे लागत होते, ती ओढत असताना शेजारी उभे राहावे लागत होते. तेवढे कष्ट तुम्ही कुणासाठीही घेऊ नका.