दोन महिने चाललेला सेल

तारेला डाग देताना आधी लावायचा फ्लक्स कुठला आणि वर वितळवायचं सोल्डर कुठलं, यावर धाकटीशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. तिच्या दुरुस्तीच्या दुकानात रेडिओपासून रिमोटपर्यंत सगळं यायचं आणि घरीच खटपट करून बिघडवून आणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सामानाबरोबर बोलणीही खावी लागायची. "पत्र्याच्या कामाचा ॲसिडवाला फ्लक्स सर्किटला लावलात ना? इथे राळेचा लागतो, आणि बारीक तारेचं सोल्डर. ॲसिडचा जोड पहिल्या दिवशी मस्त चमकतो. मग आतल्या आत तार खात बसतो."

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दहा महिन्यांपूर्वी दादाचा फोन आला, तेव्हा यातलं एक अक्षर तिच्या तोंडून निघालं नाही. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, पत्र्याच्या टाक्या आणि पन्हाळी बनवणारा. हात सोन्याचा, पण सवय जाड कामाची.

"आईच्या कानाच्या मशीनची तार सुटलीय गं. मीच जोडतो. फ्लक्स कुठला लावू?"

'तुझ्याकडे दिवसभर भिंतींशी बोलायचं का मी?' असं म्हणून आई दादाकडे राहायला गेली होती आणि तेव्हापासून धाकटी घुश्शात होती. तिकडे पाऊल टाकत नव्हती. 'राळेचा लाव' एवढंच सांगायचं होतं. ते न सांगता ती फणकारली, "लाव कुठलाही! फ्लक्स तो फ्लक्स!" आणि तिने फोन ठेवला.

आई वारून आता तीन आठवडे झाले होते. भर दुपारी दादा रुमालात गुंडाळलेलं ते मशीन घेऊन दुकानात आला. खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत जाणारी वायर.

"कुणा गरजूला देऊन टाक. त्याआधी एकदा तपासून घे." मग स्टूल ओढून बसत तो जरा फुशारकीनेच म्हणाला, "पण माझं काम बघ हं. आधी आठवड्याला सेल संपायचा. शेवटचा सेल दोन महिने चालला! बदलावाच लागला नाही. रोज संध्याकाळी मी तिच्याशी बोलत बसायचो. आधी दहादा 'काय? काय?' करायची. नंतर नंतर एकदाही नाही. शांत ऐकायची, मान हलवायची."

धाकटीने मशीन जवळ ओढलं. तिने डबी उघडली. सेलच्या तारेच्या टोकाशी हिरवट भुकटी साठली होती. चिमटा नुसता टेकला आणि तार निसटून खाली पडली. सेलला मीटर लावला, तर तो भरलेला. दोन महिने तो चालला नव्हता, नुसता बसून होता. पुढे करंट गेलाच नव्हता.

आई म्हणजे दादाने आणलेल्या तोकड्या चपला पायाला फोड येऊनही वर्षभर घालणारी बाई. 'माझ्या लेकाने जोडलंय' असं जो भेटेल त्याला सांगून झाल्यावर, ते बंद पडलंय हे ती कुठल्या तोंडाने सांगणार होती?

आणि मग धाकटीला आपलंच आठवलं. दीड महिन्यापूर्वी, सगळा राग गिळून, ती एकदाची दादाकडे गेली होती. आईचा हात धरून म्हणाली होती, "माझं चुकलं गं आई. तू गेलीस आणि घर खायला उठलं, म्हणून चिडले होते." आईने मान हलवली होती, तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. त्या एका हातावर धाकटीने हे तीन आठवडे काढले होते. आईला त्यातला एक शब्द ऐकू गेला नव्हता. तिला ओरडून रडावंसं वाटलं.

"काय गं?" दादाने वाकून पाहिलं. आता आवाजात फुशारकी नव्हती. "जोड बरोबर होता ना? तुझ्यासारखं मला कुठे जमतं. सारखं मनात येतं, शेवटी शेवटी तिला ऐकू येत होतं ना?"

धाकटीने पडलेली तार बोटाखाली दाबून धरली.

"पक्का होता, दादा. आत्ता माझाच चिमटा लागला."

दादाचा जीव भांड्यात पडला. "बघ! तू म्हणालीस तेच खरं. फ्लक्स तो फ्लक्स."

तिने हिरवी भुकटी ब्रशने खरवडली, स्पिरिटने पुसली, खाल्लेली तार चांगल्या तांब्यापर्यंत कापली. राळेचा फ्लक्स लावला, बारीक सोल्डर टेकवलं. दोन मिनिटांचं काम होतं. सेल घातला आणि तपासायला म्हणून तिने वायरचं टोक स्वतःच्या कानात बसवलं.

दादा सवयीने पुढे झुकला. रोज संध्याकाळी न्यायचा तसं तोंड डबीजवळ नेऊन त्याने विचारलं, "ऐकू येतंय ना गं?"

आवाज अगदी स्वच्छ आला. तिने नुसती मान हलवली.