भिंतीवर टांगलेली पिंजण

मित्रांनो, मी एक जुनी पिंजण आहे. कापूस पिंजायची. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलं नसेल, म्हणून सांगते. माणसाच्या उंचीचा सागाचा दांडा आणि त्याला धनुष्यासारखी ताणलेली आतड्याची तात, एवढीच मी. लाकडी मुठीनं तात छेडली की मी टंग टंग वाजते आणि दबून दगड झालेला कापूस मोकळा होऊन वर उडतो.

बोरी अरबच्या रहेमानचाचांनी मला घडवलं. मला खांद्यावर टाकून ते गावोगाव फिरत. लग्नसराईत तर गाद्या भरताना माझी तात थंड होत नसे. पुढे चाचांचे गुडघे थकले आणि मुलगा ट्रकवर गेला. तेव्हा चाचांनी सुनेला, शमसुन्निसाला, माझ्यासमोर बसवलं. बाईमाणसानं पिंजण धरायची? मोहल्ल्यात कुजबुज झाली. चाचा एवढंच म्हणाले, "कापसाले थोडीच समजते, हात कोनाचा हाय ते."

त्याला आता तीस वर्षं झाली. चाचा गेले. पिंजायच्या मशिनी आल्या, फोमच्या गाद्या आल्या, काम आटलं. पण संपलं नाही, हे नीट ऐका. दर हिवाळ्यात शमसुन्निसा अजूनही पाच-सात घरांच्या गाद्या माझ्यानं कापूस पिंजून भरते.

गेल्या हिवाळ्यात तिला फोन आला. मोरतळ्याला, जंगलाच्या कडेला तळ्याकाठी, शहरातल्या लोकांसाठी शनिवार-रविवारचं हस्तकला शिबिर होतं. तिथं गादी भरायला शिकवायचं होतं. शमसुन्निसा हरखून गेली. आजवर तिला कुणी "शिकवा" म्हटलंच नव्हतं. तिनं मला पुसलं, नवी तात चढवली आणि एसटीत मांडीवर आडवी धरून नेलं.

आणि तिथं काय झालं? शिबिरवाल्या साहेबांनी नाक मुरडलं. तातीला वास येतो म्हणे! त्यांनी ती सोडवली आणि गुलाबी नायलॉनची दोरी बांधली. मग मला भिंतीवर टांगलं, झेंडूचा हार घातला आणि खाली पाटी लावली, 'लुप्त झालेली कला'. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा हार! शमसुन्निसाला माझ्याखाली खुर्ची दिली. "तुम्ही फक्त बसा, लोक फोटो काढतील," असं सांगितलं. ती बसली. मान खाली घालून, नवी तात मुठीत आवळून बसली. माझ्या लाकडाला जीभ असती तर मी तेव्हाच ओरडले असते.

शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांत यवतमाळच्या दीपा नावाच्या परिचारिका होत्या. त्यांनी विचारलं, "शिकवणार कोण?"

"ताई, ही कला आता मेली आहे," साहेब म्हणाले. "नुसती बघायची."

शमसुन्निसा ताडकन उठली. "मंग मी कोन होय साहेब? मी त जित्ती आहो तुमच्यासमोर!"

तिनं मला खाली काढलं, हार बाजूला ठेवला, नायलॉन सोडलं आणि माझी तात चढवली. मग दीपाताईंना म्हणाली, "इथल्या गादीवर झोप लागली का तुमाले?"

"कुठली! पाठ धरली माझी."

"आना तेच गादी."

गादी उसवली. आत नुसते गठ्ठे होते. साहेब घड्याळ दाखवत राहिले, तीन वाजता नौकाविहार होता. खरं सांगते, निम्मे लोक गेलेच. सहा जण थांबले. शमसुन्निसानं मूठ चालवली आणि खोलीभर कापूस उडाला. दीपाताईंच्या हाताला फोड आले. त्यांचा टाका वाकडा गेला तेव्हा शमसुन्निसा म्हणाली, "उसवा. परत घाला. काहून लाजता?" रविवारी दुपारी गादी तयार झाली.

निघताना साहेब म्हणाले, "पिंजण इथंच राहू द्या. काचेच्या कपाटात ठेवू. घरी धूळच खाईल."

"धूळ मी पुसून घेईन," शमसुन्निसा म्हणाली आणि मला खांद्यावर घेऊन फाट्याकडे चालू लागली.

पुढच्या महिन्यात दीपाताई बोरी अरबला आल्या, घरातल्या दोन जुन्या रजया घेऊन. आता सुट्टीच्या दिवशी येतात. अजून मूठ जरा जोरात मारतात, पण येतात.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. मी मोडले असते तर दुःख केलं नसतं, लाकूड कधीतरी मोडायचंच. पण जिचे हात चालतायत तिला मेली म्हणायचं, तेही तिच्या तोंडावर? तुमच्या गावात कुणी टोपली विणत असेल, मडकं घडवत असेल, तर मोबाईल खिशात ठेवा. त्यांच्यासमोर जमिनीवर बसा, आधी त्यांचं नाव विचारा आणि मग म्हणा, मलाही शिकवा.