काचेमागचा बँजो

वाद्यांच्या त्या दुकानात रस्त्याच्या बाजूला काचेचं एक छोटं दालन होतं. सकाळी शटर वर गेलं की धाकटी सून मांडीवर बँजो घेऊन तिथे बसायची. माहेरी ती आत्याकडून बँजो शिकली होती. सासऱ्यांनी एकदाच तिचं वाजवणं ऐकलं आणि तिथल्या तिथे लग्नाला होकार दिला. आपण मुलाला पसंत पडलो की दुकानाला, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

बँजो मात्र लाखात एक. कसलेल्या वादकासाठी घडवलेला. बोटांनी हळुवार छेडा, नखीने झपाझप वाजवा, नाचाचा ठेका धरा नाहीतर गाण्यामागे नुसती साथ द्या, तो कशालाच नाही म्हणायचा नाही. म्हणून तर सासरे तो विकत नसत. तो ऐकून गिऱ्हाईक आत यायचं आणि फळीवरचा साधा बँजो घेऊन जायचं.

काचेपुढे चार माणसं रेंगाळली की सासरे अंगठीने आतून टकटक करत. टकटक म्हणजे चाल बदल.

"बाबा, एवढं एक तरी पुरं करू द्या ना," ती सुरुवातीला म्हणायची.

"पुरं ऐकलं की लोक घरी जातात गं," सासरे हसून म्हणायचे.

सासरे वाईट नव्हते. चहा जागेवर आणून देत, थंडीत पायाशी हीटर लावत. पण पाठीला रग लागली तरी उठायची सोय नव्हती, आणि काचेला नाक लावून वाकुल्या दाखवणाऱ्या पोरांकडे बघून हसावंच लागायचं.

एके दिवशी फिरत्या नाटक कंपनीच्या मालकीणबाई दुकानात आल्या. बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या, मग सरळ दालनात डोकावल्या. "छान हात आहे तुझा. तुला आवडतं ते वाजव बघू. अगदी शेवटपर्यंत."

"हिला सगळं येतं," सासरे म्हणाले.

"तिला विचारतेय मी."

सासऱ्यांनी हात मागे बांधले. तिने आत्याने शिकवलेली संथ चाल धरली. जरा रंग भरला, आणि तिची बोटं आपसूक नाचाच्या ठेक्यावर घसरली. टकटक कुणीच केली नव्हती. ती ओशाळली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. पुढचं काही केल्या आठवेना.

"असू दे, बाळ," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ती तडक माडीवर गेली. नवरा तिथे दुरुस्तीचं काम करायचा.

"अहो, मला एकाही चालीचा शेवट आठवत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने हातातली तार खाली ठेवली. "मी बोलू का बाबांशी?"

"तुम्ही? आजवर कधी बोललात?"

त्याने तार पुन्हा हातात घेतली. जेवताना तीच बोलली. "बाबा, उद्यापासून चाल संपल्याशिवाय मी थांबणार नाही."

सासऱ्यांनी घास पुरा चावला. "मग बसूच नकोस. माझं अडत नाही."

खरंच अडलं नाही. त्यांनी तिचं वाजवणं कधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी काचेमागे बँजो नुसता टांगला होता, आणि स्पीकरमधून तीच वाजत होती. थोडं हे, थोडं ते, पुरं काहीच नाही. गिऱ्हाइकं येतच होती. ती काचेतून सुटली होती, पण घरभर तिचाच आवाज तिच्या मागे लागला होता.

दुपारी नवऱ्याने फळीवरचा एक साधा बँजो वर आणला. त्याचं कातडं ताणून घट्ट केलं, तारांखालची घोडी जराशी सरकवली आणि तिच्या हातात दिला. आवाज बोदा होता. ती संथ चाल वाजवू लागली, पण खालून नाचाचा ठेका उसळून वर आला आणि तिचा हात चुकला.

नवऱ्याने उठून खिडकी लावली, मग दार. फटीत जुनं फडकं कोंबलं. पंख्याची घरघर नको म्हणून तोही बंद केला. खोलीत गदमदायला लागलं.

"हं, आता," तो म्हणाला.

तिने कपाळावरचा घाम पुसला. खालचा ठेका अजूनही पायाखालच्या फरशीतून जाणवत होता. तिने पाय वर घेतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.