भट्टी निवण्याआधी

माझा नवरा एलायजा कोलक्लो इंग्लंडातल्या बर्स्लेममध्ये चिनीमातीच्या बश्या थापता थापता मालक झाला. मालक म्हणजे काय, तर भाड्याची एक भट्टी, एक गळकी शेड आणि काल ज्यांच्या शेजारी बसून काम केलं त्यांच्यावर ओरडायचा हक्क. मी पूर्वीही कपांना कान चिकटवायचे, आताही तेच करत होते. फक्त मालकीण झाल्यापासून मजुरी बंद झाली होती.

त्या दिवशी भट्टीत चहाचे सेट होते, आमचं सगळं भांडवल त्यातच. लिव्हरपूलची बोट कालव्यावर उभी होती, संध्याकाळी सुटणार होती. माल तिच्यावर चढला नाही तर व्यापारी सौदा मोडणार आणि भट्टी आमच्या हातून जाणार. आग विझली होती, पण भट्टी निवायला अजून दिवसभर तरी हवा होता.

एलायजाने नोआ बॅग्नलला हाक मारली. भट्टी भरणं आणि उतरवणं हे नोआचं काम. दोघे लहानपणापासूनचे सोबती.

"दार फोड."

विटांनी चिणलेल्या दाराला नोआने हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "मालकसाहेब, आत तुमच्या बापाला पाठवा."

"थट्टा नको, नोआ."

"थट्टा तू करतोयस. गरम भट्टीत माणूस घालणारा मालक नव्हे, कसाई, असं संपात पिंपावर चढून कोण बोंबलत होतं रे? तुझ्या भावाची छाती अशीच जळाली ना?"

एलायजाने पहार उचलली. मी त्याची बाही धरली. "जाऊ दे ती भट्टी. परत बश्या थापू."

"मला परत त्या बाकावर बसवू नकोस, हेप्झिबा." इतका गयावया करत बोलला की माझा हात सुटला.

दाराच्या विटा पाडून, डोक्यावर ओलं पोतं घेऊन तो आत शिरला. माल ज्यात रचून भाजतात तसा मातीचा पहिला डबा बाहेर आला. आतले कप पांढरेशुभ्र, अखंड! मी वेड्यासारखी हसले. तो पुन्हा गेला, पुन्हा गेला, आणि मग बाहेर येईना. नोआने सणसणीत शिवी हासडली, आत उडी घेतली आणि त्याला ओढत आणलं. एलायजाच्या तळहातांची सालं निघाली होती.

तेवढ्यात डब्यातून आवाज आला, टिंग. अंगणातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. हा आवाज आमच्याकडे पोरांनाही कळतो. गार हवा लागून कप तडकत होते.

"आतला माल!" एलायजा धडपडत उठला. बराचसा माल अजून भट्टीतच होता आणि फोडलेल्या दारातून वारा आत शिरत होता. तो सोललेल्या हातांनी विटा परत रचायला लागला.

"राहू दे आता," नोआ खोकत म्हणाला. "उशीर झाला."

"वीट दे, हेप्झिबा. लवकर!"

मी देत राहिले. आत एकामागून एक कप तडकत होते. त्यालाही ऐकू येत होतं, मलाही. शेवटची वीट बसली, भेगा चिखलाने लिंपल्या, तेव्हा कुठे तो आवाज ऐकू येईनासा झाला.

"बघ," एलायजा म्हणाला, "थांबलं."