गादीवरचं स्टूल

धर्मेंद्र मांडी घालून बसला की मला ती मांडी मोडावीशी वाटते. सख्खा धाकटा भाऊ आहे. तरी वाटते.

सिंदी रेल्वे गावातल्या आमच्या कापडदुकानात मालकानं गादीवर मांडी घालूनच बसायचं, हा आमच्या बापाचा, नानाजींचा, कायदा. माझी कंबर आखडली, मांडी बसेना. मी एक स्टूल मागितलं.

"गादीवर स्टूल? लक्ष्मीच्या डोक्यावर बसतं का बे, हेमराज? आळशी आहे तू." आणि नानाजींनी लक्ष्मीपूजनाला गादी धर्मेंद्रला द्यायचं ठरवून टाकलं.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. म्हणाले, "पेशींवर खुणा असतात, आईबापाकडून आलेल्या. आपलं काय, परकं काय, हे शरीर त्यावरून ओळखतं. तुमच्यात बी-सत्तावीस आहे. ही खूण असलेल्या काहींचा मणका असा आखडतो."

घरातली खूण! म्हणजे भावातही असेल. मी त्याला अक्षरशः ओढत नेलं. निघाली की! मला पेढे वाटावेसे वाटले.

"मंग मले काऊन दुखत नाई?" त्यानं विचारलं.

"बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही," डॉक्टर म्हणाले.

परतताना हा फलाटावर उकिडवा बसून भजे खाऊन राह्यला. तीच खूण, आणि हा उकिडवा बसतो!

मग मी बापाकडे बघायला लागलो. बाजूनं गिऱ्हाइकानं हाक मारली की नानाजींची मान वळत नाही, अख्खा माणूस वळतो. गाव म्हणते, काय रुबाब आहे!

पूजेला धर्मेंद्र गादीवर बसला. जुन्या मालकानं वाकून नव्याला कुंकू लावायचं. नानाजींचा अंगठा त्याच्या कपाळाच्या हातभर वर, हवेतच थांबला. लोकांना वाटलं, बाप गहिवरला.

मी स्टूल आणून गादीवर ठेवलं. "बसा नानाजी. मले माहीत आहे कुठं दुखते. कधीपासून?"

"तुह्या वयाचा होतो तवापासून," ते हळूच म्हणाले. बसले मात्र नाहीत. स्टुलाकडे बोट केलं. "तू बस."

मी बसलो. माझं कपाळ बरोबर त्यांच्या अंगठ्यापाशी आलं. कुंकू मला लागलं.

धर्मेंद्र खालून माझ्याकडे बघत होता, मान पार मागं टाकून.

गादी मिळाली. पण साल्याची मान किती सहज मागं जाते!